सोसायटीतल्या सायकलला कुलूप कोणतं लावावं?

मुग्धा_वारजे

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्रीत दोन सायकली गेल्या. एक नववीतल्या मुलाची गिअरची. दुसरी शेजारच्या काकांची, ते रोज पहाटे एनडीएच्या रस्त्याने चक्कर मारून यायचे. दोन्हींना केबलचं लॉक होतं. सकाळी जमिनीवर फक्त तुटलेल्या केबली पडलेल्या. सीसीटीव्हीत टोपी घातलेला एक पोरगा सायकल हाताने ढकलत गेटशेजारच्या छोट्या दारातून जाताना दिसतो, चेहरा दिसत नाही. वॉचमनला वाटलं इथलाच कोणीतरी असेल.

मी जूनमध्ये ४२ हजारांची हायब्रिड घेतली आहे. डिस्क ब्रेक आहेत आणि पुढचं चाक क्विक रिलीजचं आहे, लिव्हर फिरवली की निघतं. आठवड्यातले तीन-चार दिवस वारज्याहून कर्वे रोडला ऑफिसला सायकलनेच जाते. तिथे सायकल स्टँड नाही. दुचाकींच्या रांगेच्या टोकाला लावते, मागे लोखंडी जाळी आहे. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टमधून सायकल न्यायची नाही असा सोसायटीचा ठराव.

दुकानात तीन प्रकार दाखवले. चार आकड्यांचं केबल लॉक साडेतीनशेला, यू आकाराच्या लोखंडी दांड्याचं यू-लॉक अठराशेला आणि कापडी आवरणातली जाड साखळी चोवीसशेला. साखळी उचलली तर दोन किलोच्या आसपास वाटली, ती रोज पाठीवर घेऊन जाणं मला जमणार नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नेणारा काहीही लावलं तरी नेतो, केबल घ्या." मला हे पटत नाही. नेमकं काय घ्यावं, आणि लावायचं कसं? मागच्या चाकाला गोल कुलूप असायचं तसं बाबांच्या जुन्या सायकलला होतं, ते माझ्या सायकलला बसेल का?

अभिजित_कोथरूड

मी सरळ घरात घेतो. तिसरा मजला, जिन्याने, खांद्यावर टाकून. ठराव लिफ्टपुरता आहे ना? मग जिना मोकळा आहे. हायब्रिड बारा-तेरा किलोची असेल, सवय होते. गॅलरीत भिंतीला हूक मारून उभी टांगली की जागाही जात नाही.

सायकलवाला_नाशिक

मुग्धाताई, गंगापूर रोडला आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. सायकल गेली की माणूस पुष्कळदा पोलिसांच्या आधी आमच्याकडे येतो. हातात तुटलेलं लॉक असतं आणि विचारतो, "अशी कोणी विकायला आणली तर कळवाल ना?" त्यामुळे तुटलेली लॉकं मी भरपूर पाहिली आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दुकानदारासारखं उत्तर ऐकलं की जीव जळतो. सायकल चोरीला गेली की दहातले बरेच जण दुसरी घेतच नाहीत, ते परत स्कूटरवर जातात. शाळेतल्या पोराची गेली तर घरचे म्हणतात, आता रिक्षाने जा.

त्या दोन केबली टाकून दिल्या नसतील तर त्यांची टोकं बघा. बाहेरचं प्लास्टिक बोटाएवढं जाड दिसतं, आत मात्र बारीक तारा पिळलेल्या असतात, आणि तो पीळ कित्येकदा पेन्सिलीपेक्षाही बारीक निघतो. तारा एका रेषेत दबून चपट्या झाल्या असतील तर कटर लागला आहे. एक दाब, आवाजसुद्धा नाही. साखळीच्या कडीला कटर लागला तर तुटलेल्या टोकाला दोन्ही बाजूंनी उतार येतो आणि मध्ये कौलारू घराच्या आढ्यासारखी धार उरते. ग्राइंडर, म्हणजे धातू कापणाऱ्या फिरत्या चकतीचं मशीन, लावला असेल तर काप सपाट, सरळ, आणि कडेला निळसर काळपट भाजल्याची छटा. आमच्याकडे येतात त्या लॉकांत केबलीच जास्त आणि खूण कटरची. भाजलेला काप क्वचित बघायला मिळतो. याचा अर्थ असा की आपल्याकडचा नेहमीचा सायकलचोर सॅकमध्ये मावेल तेवढंच हत्यार घेऊन फिरतो. त्या हत्याराच्या पलीकडचं लॉक लावलंत की बरंचसं काम झालं. "काहीही लावलं तरी नेतो" हे ग्राइंडरवाल्यापुरतं खरं आहे, तुमच्या पार्किंगमधल्या टोपीवाल्यापुरतं नाही.

सॅकमध्ये मावणारा कटर आठ मिलिमीटरपर्यंतची साधी कडी तोडतो. तीन फुटी मोठा कटर दहा मिलिमीटरच्या कडीलाही भारी पडू शकतो. तेरा-चौदा मिलिमीटरच्या कडक पोलादी दांड्याला मात्र हाताने चालवायचा कटर सहसा पुरा पडत नाही. इथे 'कडक' महत्त्वाचं. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी कितीही जाड असली तरी मऊ लोखंडाची असते, हॅक्सॉने आरामात कापली जाते. पारख सोपी आहे. कानस घ्या आणि कडीच्या कोपऱ्यावर एकदा घासा. साधं लोखंड असेल तर कानस धरते आणि चमकदार ओरखडा उठतो. कडक पोलादावरून ती काचेवरून सरकावी तशी निसटते. दुकानदार घासू देत नसेल तर पॅकिंगवर 'हार्डन्ड' लिहिलंय का बघा, आणि सोल्ड सिक्युअर किंवा एआरटी यांचं मानांकन असेल तर उत्तमच. पहिली ब्रिटनमधली संस्था, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा पायऱ्या देते. दुसरी नेदरलँड्समधली, तारे देते.

आकड्यांचं लॉक घेऊ नका. तीन आकड्यांचं असेल तर हजारच जुळण्या होतात. चार आकड्यांच्या दहा हजार, पण स्वस्तातल्या लॉकात केबल ताणून धरून चकत्या फिरवल्या की कुठली अडखळते ते बोटाला कळतं, सगळ्या जुळण्या करून बघाव्याच लागत नाहीत. गोल नळीसारखी किल्ली असलेलं लॉकही नको. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइटसारख्या नामांकित कंपनीची त्या प्रकारची लॉकं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे लोकांनी दाखवून दिलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. मोठ्या कंपन्यांनी मग चपट्या किल्ल्या आणल्या. स्वस्त लॉकांत गोल किल्ली अजूनही दिसते.

यू-लॉक घेताना दांड्याची दोन्ही टोकं कुलपाच्या आत अडकतात का ते पाहा. एकच टोक अडकत असेल तर एका ठिकाणी कापून दांडा फिरवला की निघतो, दोन्ही अडकत असतील तर दोनदा कापावं लागतं. आणि मोठ्या आकाराचं घेऊ नका. आत रिकामी जागा जितकी जास्त तितका पहार किंवा जॅक घालायला वाव. फ्रेम, चाक आणि जाळीचा गज एवढं जेमतेम मावावं.

आता लावायचं कसं. दहातले सात-आठ जण पुढच्या चाकात लॉक अडकवतात. तुमचं पुढचं चाक लिव्हरचं आहे, म्हणजे चोर चाक जागेवर सोडून बाकी सगळी सायकल नेईल. टुल्लियो काम्पान्योलो या इटालियन शर्यतपटूने १९३० च्या सुमारास ही क्विक रिलीजची युक्ती आणली ती शर्यतीत चाक पटकन बदलता यावं म्हणून. पार्किंगमध्ये तीच गैरसोय. लॉक मागच्या बाजूला लावा. सीटखालचा पाइप आणि मागच्या चाकाच्या दोन दांड्या मिळून जो त्रिकोण होतो, त्याच्या आत मागची रिम येईल असं, आणि बाहेरून जाळीचा गज. शेल्डन ब्राउन म्हणून अमेरिकेतले प्रसिद्ध मेकॅनिक होते, २००८ साली वारले, त्यांनी ही पद्धत लिहून ठेवली आहे. त्या त्रिकोणातून अख्खं चाक बाहेर ओढता येत नाही, त्यामुळे लॉक फक्त रिमभोवती असलं तरी फ्रेम अडकून राहते. माझं मत, त्यासाठी मोठा यू घ्यावा लागत नसेल तर फ्रेमची नळीही आत घ्याच. मागचं चाक गिअरसकट असतं, महाग तेच.

ऑफिसची जाळी हाताने हलवून बघा. वेल्डिंग सुटलंय का, भिंतीला नुसत्या स्क्रूने मारली आहे का. गॅसच्या पाइपला चुकूनही बांधू नका, ओढाताणीत काय होईल सांगता येत नाही. पीव्हीसीचा पाइप आणि कुंपणाची तार तर धरायचीच नाही.

पुढच्या चाकाचं म्हणाल तर लिव्हरचा दांडा काढून एलन कीने आवळायचा दांडा बसवून घ्या, काही शे रुपयांत होतं. सीटच्या खालीही लिव्हर असेल तर तेच करा. एलन की चोराकडेही असते हे खरं, म्हणून सीटच्या बोल्टच्या खाचेत एक छोटी छर्र्याची गोळी मेणाने बसवून टाका. तुम्हाला हवी तेव्हा गरम करून निघते, घाईत असलेल्याला निघत नाही.

बाबांच्या सायकलचं गोल कुलूप तुमच्या फ्रेमला बसायला अवघड जाईल, डिस्क ब्रेक आणि रुंद टायर आड येतात. आणि बसलं तरी ते चाक फिरू देत नाही एवढंच, सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. दूध घ्यायला दोन मिनिटं थांबण्यापुरतं चांगलं.

तुम्ही दोन्ही घ्या. साखळी घरच्या पार्किंगमध्ये कायमची लटकलेली राहू दे, वाहायचा प्रश्न मिटला. यू-लॉक फ्रेमवर ब्रॅकेटमध्ये बसवून ऑफिसला न्या. ४२ हजारांच्या सायकलला चार हजार कुलपाचे जास्त नाहीत. आत्ता एकच घेता येत असेल तर आधी यू-लॉक.

उट्रेख्ट_निवासी

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी मूळचा सांगलीचा, सध्या नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला. इथे स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील असं पार्किंग आहे, जगातलं सर्वांत मोठं म्हणतात, २०१९ मध्ये पूर्ण झालं. तरीही सायकली चोरीला जातात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

इथल्या जवळजवळ प्रत्येक सायकलला ते गोल कुलूप असतंच, पण त्याच्याच भोकात बसणारी एक साखळी मिळते. साखळी खांबाला गुंडाळायची, टोक कुलपात खुपसायचं, किल्ली एकच. मुग्धाताई, तुमच्या बाबांची सायकल अजून असेल तर तिच्यासाठी हा उपाय बघा. विमा घेतला तर कंपनी एआरटीचे तारे असलेलं लॉक मागते, आणि चोरीनंतर दोन्ही मूळ किल्ल्या जमा करा म्हणते. एकच किल्ली दिलीत तर सायकल कुलूप न लावता ठेवली होती असा अर्थ काढतात. म्हणून भारतातही दुसरी किल्ली वेगळ्या जागी नीट ठेवायची सवय लावा.

मला इथे सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे जुनी सायकल घेण्याआधी फ्रेम नंबर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकून ती चोरीची आहे का बघता येतं. चोरीचा माल खपायला जागा उरली नाही तर चोरीही कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

ग्राइंडरबद्दल एक. हिपलॉक डी१००० आणि लाइटलॉक एक्स१ अशी लॉकं गेल्या काही वर्षांत आली आहेत, त्यांवर ग्राइंडरची चकती कापायच्या आधी घासून संपत जाते. महाग आहेत. नाशिकच्या दादांनी लिहिलंय ते पाहता तुम्हाला सध्या त्यांची गरज नाही.

अ‍ॅड_सातारा

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण तुमच्या सोसायटीतल्या त्या दोघांनी तक्रार दिली का ते धाग्यात आलेलं नाही.

पुष्कळ लोक सायकल गेली की ऑनलाइन 'गहाळ' अशी नोंद करतात आणि पावती घेऊन गप्प बसतात. गहाळ म्हणजे हरवलं. लॉक तोडून नेली ती चोरी आहे, आणि चोरीच लिहून घ्यायला सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा होते. म्हणून किमतीचा पुरावा, म्हणजे बिल, जपून ठेवा. जुनी पोरांची सायकल असली तरी.

तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही कळवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

सीसीटीव्हीचं चित्रीकरण त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. यंत्रातली जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि सोसायटीच्या मीटिंगची वाट बघेपर्यंत ते गेलेलं असतं. तुटलेली केबलही टाकू नका, पंचनाम्यात दाखवा.

जुनी सायकल विकत घेणाऱ्यांसाठी: बिल मागा आणि त्यावरचा नंबर फ्रेमवरच्या नंबराशी जुळवा. चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला सबळ कारण असून घेतली तर कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो.

अभिजित_कोथरूड

एअरटॅगबद्दल, म्हणजे वस्तू कुठे आहे ते आयफोनवर दाखवणाऱ्या अ‍ॅपलच्या छोट्या चकतीबद्दल, कोणी लिहिलं नाही. मी सीटच्या खाली टेपने गुंडाळून लावला आहे. शहरात आजूबाजूला आयफोन भरपूर असतात, त्यामुळे ठिकाण बऱ्यापैकी कळतं. पण अनोळखी टॅग सोबत फिरतोय असा इशारा चोराच्या फोनवरही जातो, आणि टॅग आवाज करू लागतो. त्यामुळे तो लॉकच्या जागी नाही, लॉक असताना जोडीला. ठिकाण दिसलं तरी एकट्याने आणायला जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

मुग्धा_वारजे

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी तक्रार दिली होती, मुलाच्या आईवडिलांनी नाही, त्यांना आज सांगितलं, ते बिल शोधताहेत. मी आज सायकल उलटी करून फ्रेम नंबर शोधला, पेडलच्या मधल्या नळीच्या खाली सापडला, चिखलाने भरलेला. पुसून फोटो काढून स्वतःलाच ईमेल केला.

नाशिकच्या दादांना दोन प्रश्न. आमच्या पार्किंगमध्ये साखळी अडकवायला जाळी नाही, फक्त कॉलम आहेत आणि ते साखळीच्या कवेत येत नाहीत. सेक्रेटरींशी बोलले, ते म्हणतात कॉलमला ड्रिल मारू देणार नाही, दुसरं काही असेल तर खर्च सांगा. आणि पावसाळ्यात माझ्या जुन्या लॉकची किल्ली फिरायचीच नाही, त्याला काय करावं?

सायकलवाला_नाशिक

सेक्रेटरी बरोबर सांगताहेत, कॉलमला हात लावू नका. त्यांना म्हणावं जमिनीत उलट्या यू आकाराचे पाइप रोवू द्या. हेच स्टँड जगभर चालतात, शेफील्ड स्टँड म्हणतात. कोणताही फॅब्रिकेटर बनवून देईल. दोन इंची जाड जीआय पाइप वाकवायचा, जमिनीच्या वर अडीच फूट आणि आत फूटभर काँक्रीटमध्ये. वर जोड नको, अखंड वाकवलेला हवा, वेल्डिंग असलं की तिथेच हातोडा बसतो. दोन स्टँडमध्ये मीटरभर अंतर ठेवा, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एक-एक सायकल लागते. मोटारीच्या एका जागेत असे पाच बसतात, म्हणजे दहा सायकली. हा हिशोब मीटिंगमध्ये मांडा. नुसतं पुढचं चाक अडकवायचे जे खाचांचे स्टँड मिळतात ते स्वस्त पडतात, पण त्यात फ्रेम बांधता येत नाही आणि चाक वाकतं, ते घेऊ देऊ नका. जागा वॉचमनच्या खुर्चीवरून दिसेल अशी आणि दिव्याखालची निवडा. खाली बेसमेंट असेल तर खणता येणार नाही, मग लोखंडी पट्टीवर वेल्ड केलेले स्टँड अँकर बोल्टने बसवावे लागतील. तेव्हा बोल्टची डोकी वेल्ड करून टाकायला सांगा, पाना लागता कामा नये. तेही स्लॅब बघून, इंजिनिअरला विचारून.

पावसाळ्याचं असं. लॉक लावताना किल्लीचं भोक जमिनीकडे तोंड करून राहील असं लावा, पाणी आत साचत नाही. पण लॉक जमिनीला टेकू देऊ नका, टेकलं की त्यावर घाव घालायला ऐरण मिळते. भोकात खोबरेल तेल किंवा ग्रीस घालू नका, धूळ धरून चिकट होतं आणि आतले पत्रे अडकतात. टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे किंवा ग्राफाइटची पूड, पावसाच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा. किल्ली अडली तर जोर करू नका, आत मोडली की लॉक कापायला माझ्यासारख्याला बोलवावं लागतं. नव्या लॉकसोबत किल्लीच्या नंबराचं छोटं कार्ड येतं, त्याचाही फोटो फ्रेम नंबराबरोबर ठेवा. काही कंपन्या त्या नंबरावरून नवी किल्ली करून देतात.

स्टँडचं काँक्रीट भरलं की आठवडाभर त्याला कोणी सायकल टेकवणार नाही एवढं बघा. दोरी बांधून पाटी लावा, आणि रोज पाणी मारायला वॉचमनना सांगून ठेवा.